वाचनालयाची किल्ली दुसऱ्याला द्या, आणि अर्थशास्त्रच घ्या

पत्र:

ताई, मी भांडुपला राहते, वय ४१. एसवायबीएला असताना लग्न झालं आणि शिक्षण सुटलं ते सुटलंच. तेव्हा माझा विषय अर्थशास्त्र होता, खूप आवडायचा. काही वर्षांपूर्वी आमच्या मंडळाच्या खोलीत मुलांसाठी पुस्तकं ठेवायला लागले, आता हजाराच्या वर झालीत. बुधवारी संध्याकाळी आणि रविवारी सकाळी उघडतो. नोंदी, कव्हरं, देणगीची पुस्तकं आणणं सगळं मीच बघते, किल्लीही माझ्याकडेच असते. आता बीए पूर्ण करावंसं वाटतंय. मराठी घेऊन बीए करायचं आणि मग ग्रंथालयशास्त्र, म्हणजे वाचनालयाला उपयोग होईल. मिस्टर म्हणतात झेपेल का ते बघ. सासूबाई म्हणतात मुलगी अकरावीला आणि आई कॉलेजला, लोक काय म्हणतील. मंडळाचे सेक्रेटरी म्हणतात आधी वाचनालय रजिस्टर करून घेऊ, ग्रँट सुरू होऊ दे, मग काय ते शिका. दोन वर्षं थांबू का? थांबले तर परत होईल असं वाटत नाही, आणि नाही थांबले तर वाचनालय बंद पडेल.
– एक वाचनालयवाली, भांडुप

उत्तर:

थांबू नका. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं वाचताना जीव टांगणीला नको. दोन वर्षांनी मुलगी बारावी होईल, मग तिच्या अ‍ॅडमिशनची धावपळ, मग कुणाचं तरी दुखणं निघेल, मग मंडळाचं काहीतरी वर्ष येईल, रौप्यमहोत्सवी नाहीतर सुवर्णमहोत्सवी, आणि आपल्याकडे घरातल्या बाईला मोकळी वर्षं कधी मिळतात तर कधीच नाही.

पण तुमच्या प्लॅनशी मात्र मला भांडायचंय. मराठी घेऊन बीए आणि मग ग्रंथालयशास्त्र, हे तुम्हाला करायचंय की वाचनालयाला? कारण मुलांचं हजार-बाराशे पुस्तकांचं वाचनालय चालवायला डिग्री लागत नाही, तुम्ही ते डिग्रीशिवायच उभं केलंत. ग्रंथालयशास्त्रात वर्गीकरण, तालिकीकरण, संदर्भसेवा असं बरंच शिकवतात आणि मोठ्या ग्रंथालयात त्याशिवाय पान हलत नाही हे खरंय, पण तुमच्याकडे सहावीतला मुलगा येतो, "काकू भुताचं द्या" म्हणतो आणि तुम्ही न बघता हात घालून दुसऱ्या कप्प्यातून काढून देता, तिथे कुठला दशांश वर्गीकरणाचा आकडा लावणार? शाळेत किंवा कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी करायची असती तर गोष्ट वेगळी, तिथे ग्रंथालयशास्त्र शिकलेलं असावं लागतं. पण तुमच्या पत्रात नोकरीचं नावही नाही.

मला काय वाटतं सांगू, तुम्हाला शिकायचंय, बस. पण नुसतं "मला शिकायचंय" म्हटलं की कुणीतरी विचारणारच, कशाला आता? आणि वाचनालयासाठी म्हटलं की सगळे गप्प. युक्ती चांगली आहे, सासूबाईंसमोर खुशाल वापरा, मंडळाच्या मीटिंगमध्येही वापरा. फक्त फॉर्ममध्ये विषय भरताना वापरू नका. कारण रात्री दहानंतर ओटा आवरून, उद्याची भाजी निवडून जे पुस्तक उघडायचंय ते उपयोगाचं म्हणून उघडलं तर आठवडाभरात झोप जिंकते. आवडीचं असलं तर निदान सामना तरी होतो.

आणि तुमचा आवडता विषय तुम्हीच लिहिलाय की! एवढ्या वर्षांनीही "खूप आवडायचा" असं लिहावंसं वाटलं, मराठीबद्दल तसं एक अक्षर नाही. मग अर्थशास्त्र घ्या. आकडेमोड जमेल का ही धास्ती असेल तर ती समजू शकते, आलेख, टक्केवारी, सरासरी पुन्हा हाताखालून घालावी लागेल, पण घरात अकरावीची मुलगी आहे ती काय नुसती रील बघायला आहे का, शिकवेल. शिवाय घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम (एखादी गोष्ट जितकी जास्त मिळत जाते तितका पुढच्या नगाचा उपयोग कमी वाटतो) तुम्हाला नव्याने शिकायला लागणारच नाही, दहावीच्या जुन्या गाईडांचा पाचवा गठ्ठा देणगी म्हणून दारात येऊन पडला की तो आपोआप कळतो. (ते गठ्ठे रद्दीत घाला हो. देणगीदाराला वाईट वाटेल म्हणून कपाटं अडवायची नसतात.)

अर्थशास्त्र शिकलेल्या बाईचा वाचनालयाला काय उपयोग, असं कुणी विचारलंच तर रंगनाथनांचं नाव सांगा. १२ ऑगस्टला आपण ग्रंथपाल दिन साजरा करतो तो त्यांच्या वाढदिवसाला. हा माणूस मूळचा गणिताचा प्राध्यापक. १९२४ साली मद्रास विद्यापीठाचा ग्रंथपाल झाला तेव्हा ग्रंथालयशास्त्र शिकलेलाच नव्हता, आधी खुर्चीत बसला आणि मग लंडनला जाऊन शिकून आला, आणि सुरुवातीला तर त्या नोकरीत मनही रमत नव्हतं, परत शिकवायला जायचं चाललं होतं. पुढे १९३१ मध्ये त्यांनी ग्रंथालयाचे पाच नियम मांडले ते आज जगभर शिकवतात. त्यातला पहिला नियम, पुस्तकं वापरण्यासाठी असतात. तो लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बरं, आता शिकायचं कुठे. रोज कॉलेजला जाणं तुम्हाला जमणार नाही हे गृहीत धरते, म्हणजे दूरशिक्षण. तुमच्यासाठी मुख्य तीन दारं आहेत. मुंबई विद्यापीठाचं कलिन्याचं दूरशिक्षण केंद्र, ज्याला आपण सगळे अजून आयडॉलच म्हणतो, आता नाव सीडीओई झालंय. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ, ज्याची अभ्यासकेंद्रं मुंबईतही आहेत. आणि इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. तिन्हीकडून केलेली बीए ही बीएच असते, "एक्स्टर्नलची डिग्री चालत नाही" असं सांगणारे काका प्रत्येक सोसायटीत असतात, त्यांना चहा द्या आणि सोडून द्या. तुम्ही बघायचं ते माध्यम. पेपर मराठीत लिहायचे असतील तर मुंबई विद्यापीठ किंवा नाशिक. इग्नूचं बीएचं साहित्य मुख्यतः इंग्रजी-हिंदीत असतं, ते झेपत असेल तर इग्नूही उत्तम, तिथली सोय म्हणजे तीन वर्षांची डिग्री सहा वर्षांपर्यंत पुरी करता येते आणि परीक्षा जून आणि डिसेंबर अशा वर्षातून दोनदा असतात, एखादी राहिली तर आभाळ कोसळत नाही.

तुमची एफवाय-एसवाय धरतील का, हा प्रश्न तुम्ही विचारला नाहीये पण तो मनात असणारच. जुन्या मार्कशीट घेऊन आधी कलिन्याला जा, कुर्ल्याला उतरून वेस्टवरून बस किंवा शेअर रिक्षा मिळते, आणि काउंटरवर विचारा थेट टीवायला घेता का, कुठले पेपर पुन्हा द्यावे लागतील. फोनवर विचारू नका, फोनवर "वेबसाइट बघा" एवढंच ऐकू येतं. तुमच्या वेळची वार्षिक पद्धत जाऊन आता सेमिस्टर आणि क्रेडिट आलंय, अभ्यासक्रम बदललाय, त्यामुळे पहिल्यापासून करा असं सांगितलं तर मनाची तयारी असू द्या. आणि मी तर म्हणेन तसं सांगितलं तर फार रडू नका. मधल्या काळात जीएसटी आला, नोटाबंदी झाली, यूपीआय आलं, तेव्हाच्या अर्थशास्त्रावर थेट शेवटच्या वर्षाला बसणं म्हणजे पुन्हा सगळं मागचं वाचणं आलंच, मग ते रीतसर वाचा.

वेळेचं खरं खरं बोलूया. तीन वर्षांची डिग्री आता साधारण १२० क्रेडिटची असते, म्हणजे वर्षाला ४०. इग्नू एका क्रेडिटला ३० तासांचा अभ्यास धरते. म्हणजे कागदावर वर्षाचे १२०० तास, आठवड्याला तेवीसेक. एवढे तास कुणी घालत नाही, संसार असलेलं तर कुणीच नाही, पण निम्मे तरी लागतात, म्हणजे आठवड्याला बारा तास कुठून तरी काढायचे आहेत. ते लोकलमधून निघणार नाहीत, भांडुपच्या संध्याकाळच्या गर्दीत वही काढून दाखवा मला.

ते निघणार आहेत कव्हरांतून. तुम्ही लिहिलंत कव्हरं तुम्हीच घालता. मी अशी वाचनालयं पाहिलीत, खाकी कागदाचा रोल, कात्री, चिकटपट्टी, आतल्या बाजूला घडी घालून घडी, मणक्यावर पांढरी चिठ्ठी आणि तिच्यावर नंबर, रात्री टीव्हीवर मालिका चालू आणि बाई जमिनीवर मांडी घालून पुस्तकांना कपडे शिवतेय. दिसायला छान दिसतं. पण मला सांगा, लहान मूल पुस्तक उचलतं कशावरून? चित्रावरून! तेच तुम्ही खाकी कागदाखाली झाकलं आणि मग कप्प्यातली सगळी पुस्तकं एकसारखी, मुलं ज्याचं नाव माहितीये तेवढंच मागतात, बाकीची तशीच पडून राहतात. शिवाय भांडुपचा पाऊस, कागद दमट होऊन आतल्या पुठ्ठ्याला धरतो, कसर लागते. कव्हरं बंद करा. फाटलेलं पुस्तक चिकटवा, बाकीची उघडी ठेवा, पावसाळ्यात कपाटं भिंतीपासून जरा पुढे ओढा आणि ऊन पडलं की दारं उघडी टाका. खराब होतील थोडी, होऊ देत, वर रंगनाथनांचा पहिला नियम सांगितलाय. माझा अंदाज, आठवड्याचे चार-पाच तास इथेच मोकळे होतील.

आता किल्ली. हे जरा लागेल तुम्हाला पण लिहितेच. "नाही थांबले तर वाचनालय बंद पडेल" हे वाक्य खरं आहे, आणि ते खरं आहे म्हणूनच काळजीचं आहे, तुमच्या शिक्षणाशी त्याचा काही संबंध नाही. उद्या तुम्हाला डेंग्यू झाला तरी ते बंद पडेल. गावाला लग्नाला गेलात तरी त्या रविवारी कुलूपच. मुलं येऊन दार हलवून परत जात असतील, तुम्हाला कुणी सांगत नाही एवढंच. सार्वजनिक काम एका माणसाच्या पर्समधल्या किल्लीवर चालत असेल तर ते सार्वजनिक कुठे, ते तुमचं घरगुती काम आहे जे मंडळाच्या खोलीत चालतं. आणि यात थोडा गोडवाही असतो हं, "काकू नसल्या की काही होत नाही" हे ऐकायला बरं वाटतं, कुणालाही वाटेल.

म्हणून अ‍ॅडमिशनचा फॉर्म भरायच्या आधी किल्लीच्या दोन डुप्लिकेट करून घ्या. एक मंडळाच्या एखाद्या रिटायर्ड माणसाकडे, गिरणीतले, बेस्टमधले, पोस्टातले असे वेळेला पक्के काका भांडुपमध्ये खूप आहेत आणि त्यांना कुणी काम सांगत नाही हीच त्यांची तक्रार असते. एक नववी-दहावीतल्या दोन मुलींकडे मिळून. मूळची तुमच्याकडे. नोंदवही सोपी करा, तारीख, मुलाचं नाव, पुस्तकाचं नाव, परत आल्यावर बरोबरची खूण, संपलं. तुमचे ते सभासद क्रमांक, दाखल क्रमांक, लाल शाईत दंड वगैरे असेल तर पहिले सहा महिने विसरा. मग एका रविवारी मुद्दाम जाऊ नका. घरी बसा, फोनही करू नका. चार पुस्तकं चुकीच्या कप्प्यात जातील, एखादं हरवेल, कुणीतरी लहान भावंडाला बसवून पत्ते खेळतील. तरी दार उघडलं असेल. मुक्त विद्यापीठाची संपर्कसत्रं बहुतेक शनिवार-रविवारीच असतात, त्यामुळे रविवार तुम्हाला सोडावाच लागणार आहे, तो आधीच सोडून बघा. बुधवार तुमच्याकडे ठेवा.

वर्षाचं कॅलेंडरही आत्ताच भिंतीवर लावून बघा, कारण वाचनालयाचा सीझन आणि परीक्षेचा सीझन एकमेकांच्या अंगावर येतात. मे महिन्यात मुलांना सुट्टी, म्हणजे वाचनालयात झुंबड, आणि इग्नू घेतलंत तर जूनमध्ये परीक्षा. तर मे महिना पूर्ण त्या मुलींचा, त्यांनाही सुट्टीच असते. गणपतीत मंडळाच्या खोलीत थर्माकोल, लायटिंगच्या माळा आणि ढोल येऊन पडतात आणि पुस्तकं कपाटात अडकतात हे तुम्हाला मी काय सांगणार, तर ते पंधरा-वीस दिवस दरवर्षी बंदच ठेवा, बोर्ड लावा, आणि तेवढ्यात असाइनमेंट लिहून काढा. इग्नूत असाइनमेंटला ३० टक्के वजन असतं, ती शेवटच्या रात्री लिहायची गोष्ट नाही. दिवाळी अंक फिरवायची योजना चालवत असाल तर ती बायकांच्या भिशीवाल्या ग्रुपला देऊन टाका, पैशाचा हिशोब त्या तुमच्यापेक्षा चोख ठेवतील. सासूबाई दिवाळी अंक वाचतात का? वाचत असतील तर त्यांनाच त्या योजनेचं प्रमुख करा, मग लोक काय म्हणतील ते त्या बघून घेतील.

सेक्रेटरींचं काय करायचं. महाराष्ट्रात १९६७चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे, मान्यता मिळालेल्या वाचनालयांना अ, ब, क, ड असे वर्ग आणि त्याप्रमाणे अनुदान मिळतं, हे सगळं खरंय आणि त्यांचा हेतू चांगलाच असेल. पण मान्यता म्हणजे कार्यकारिणी, ऑडिट, ठरलेल्या वेळा, तपासणी, रजिस्टरांची चळत, आणि ही कागदपत्रं कोण करणार? सेक्रेटरी नाही करणार. तर त्यांना हसून सांगा, तुम्ही फाइल सुरू करा, लागेल तिथे सही करते. फाइल पुढे सरकली तर चांगलंच, नाही सरकली तर कळेल की ते "आधी" कशासाठी होतं. आणि पुढे खरंच मान्यता आली आणि प्रशिक्षित माणूस हवा झाला तर जिल्हा ग्रंथालय संघ काही महिन्यांचा ग्रंथालय प्रशिक्षणाचा प्रमाणपत्र कोर्स चालवतात, त्या दोन मुलींपैकी एकीला तिकडे पाठवा. बीलिब, म्हणजे ग्रंथालयशास्त्राची पदवी, तुम्हालाच करावंसं वाटलं तर बीए झाल्यावर करता येईल, ती दारं बंद होत नाहीत.

मिस्टरांच्या "झेपेल का बघ" यावर जास्त विचार करू नका, तो आपल्याकडच्या नवऱ्यांचा होकारच असतो. फक्त त्यांना एक ठरावीक काम द्या, परीक्षेच्या महिन्यात रात्रीचं जेवण किंवा सकाळचा डबा, "मदत करा" असं मोघम सांगू नका. घरात जागा नसेल तर जवळची अभ्यासिका शोधा, नगरसेवकाच्या नावाची एखादी असतेच. वरळीत बीडीडी चाळीतल्या मुलांची अभ्यास गल्ली आहे, रस्त्याच्या दिव्याखाली बसून अभ्यास करत कितीतरी मुलं शिकली, आणि गिरणगावात तर पाळी सुटल्यावर रात्रशाळेत जाणारे बापे होते. मोठ्या वयात शिकणं ही मुंबईला नवी गोष्ट नाही. अभ्यासिकेत वीस-बावीस वर्षांची एमपीएससीवाली पोरं असतील, पहिल्या दिवशी "आंटी कुणाला सोडायला आल्या" असं बघतील, दुसऱ्या दिवशी कोपऱ्यातली पंख्याखालची खुर्ची कुणाची यावरून तुमच्याशी भांडतील. भांडा.

शेवटी कागदपत्रांचं, कारण लग्न झालेल्या बायका सगळ्यात जास्त इथेच अडकतात. तुमची मार्कशीट माहेरच्या नावाने असणार आणि आधार सासरच्या. दूरशिक्षणाच्या अ‍ॅडमिशनला आता यूजीसीचा डेब आयडी (दूरशिक्षणाच्या विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक) लागतो, त्यासाठी आधी एबीसी आयडी (तुमच्या क्रेडिटच्या खात्याचा क्रमांक), आणि तो आधार-डिजिलॉकरवरून निघतो, म्हणजे नाव जुळलं नाही की गाडी तिथेच थांबते. विवाह नोंदणीचं प्रमाणपत्र आहे का आधी शोधा. नसेल तर फॉर्मच्या तारखा जाहीर व्हायच्या आधीच त्याच्या मागे लागा, किंवा राजपत्रात नावबदल करून घ्या, तो अर्ज ऑनलाइन होतो पण वेळ जातो. दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्रही करून ठेवा. जुन्या कॉलेजातून टीसी तेव्हा काढली होती की नाही तेही आठवा, नसेल तर कॉलेजात अर्ज करावा लागेल.

आणि फॉर्म सायबरवाल्याकडून भरून घेतलात तरी मोबाइल नंबर आणि ईमेल तुमचाच टाका. ते घाईत स्वतःचा टाकतात, मग ओटीपी, परीक्षेचा फॉर्म, हॉल तिकीट सगळं त्याच्या फोनवर येत राहतं आणि तो तोवर दुकान बदलून मुलुंडला गेलेला असतो.